सासूबाईंची दुसरी सही

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवर मी सहज सांगितलं की माझे दोन्ही कागद करून झाले, आणि तुम्ही दोघं एकदम गप्प झालात. मग धाकटी म्हणाली, "आजी, तू असलं काही बोलू नकोस ना." मी विषय बदलला, पण तेव्हाच ठरवलं की हे लिहून पाठवायचं. फोनवर तुम्ही मला मधेच थांबवता, कागदावर थांबवता येणार नाही.

एक कागद म्हणजे माझं मृत्युपत्र. दुसऱ्यात लिहिलंय की मी शुद्धीवर येण्याची आशा उरली नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर मला यंत्रांवर जगवू नये, घरी आणावं. दोन्हींवर दोन-दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, दुसऱ्यावर नोटरीचा शिक्काही आहे. प्रती तुमच्या आत्याकडे आणि आमच्या डॉक्टरांकडे आहेत. माझं वय नव्वदीला आलं हे तर कारण आहेच. पण तुम्हाला वाटत असेल की आजीने कुठे तरी वाचून हे नवं खूळ डोक्यात घेतलं, तर तसं नाही. हे मी बोरिवलीच्या घरात, लग्नाच्या चौथ्या वर्षी शिकले. आणि शिकले ते आधी मोठी चूक करून.

तो पन्नासच्या दशकाचा उत्तरार्ध होता. नवा वारसा कायदा येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमचं घर स्टेशनच्या पश्चिमेला, गावठाणाच्या अलीकडे होतं. पुढे ओटा, मग तीन खोल्या, मागे आणखी दोन, आणि बाजूच्या अंगणात, ओट्यावरून दिसणारी विहीर. घर माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे तुमच्या पणजीच्या नावावर होतं. जागा घेतली तेव्हा त्यांनी माहेरचे सगळे दागिने मोडले होते, आणि सासऱ्यांनी सरळ मनाने खरेदीखत त्यांच्याच नावाने केलं होतं. सासरे मी त्या घरात येण्याआधीच गेले.

घरात आम्ही चौघं होतो: सासूबाई, तुमचे आजोबा, मी आणि मागच्या दोन खोल्यांत माझी नणंद. तिला मी वन्सं म्हणत असे. वन्संना त्यांच्या नवऱ्याने एका दिवाळसणाला माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा न्यायला तो आलाच नाही. त्याला पाच वर्षं झाली होती. मागच्या खोलीत शिवणाचं यंत्र घेऊन त्या पोलकी शिवत, आणि सणासुदीला ओट्यापर्यंत बायकांची रांग लागे. थोरले भाऊजी, म्हणजे तुमच्या आजोबांचे मोठे भाऊ, दादरला भाड्याच्या खोलीत राहत आणि रविवारी जेवायला येत.

श्रावण लागायच्या आधी एका दुपारी सासूबाई तांदूळ निवडता निवडता मला म्हणाल्या, "तू बी.ए. झालीस ना गं? मग मला मृत्युपत्र लिहून दे."

मी दचकले. त्या काळी हा शब्द घरात उच्चारणंही अशुभ मानत.

"असं काय बघतेस? मी उद्या मरत नाहीये. पण मी गेल्यावर हे दोघे भाऊ घर विकतील आणि बहिणीच्या हातात चार नोटा ठेवतील. नोटा खर्चून जातात. मला हिला छप्पर द्यायचंय. मागच्या दोन खोल्या आणि विहिरीची बाजू हिची. पुढचं दोघा भावांचं. एवढंच लिही."

त्याच आठवड्यातल्या रविवारी भाऊजींना हे कळलं. वाईट मनाचे ते नव्हते, हे आधी सांगते. बहिणीने सासरी परत जावं असं त्यांना मनापासून वाटे, आणि इथे तिच्या नावावर खोल्या झाल्या की ती आशा कायमची संपली, असा त्यांचा हिशेब होता.

"आई, तिचं घर तिकडे आहे," ते जेवताना म्हणाले.

"तिकडच्या घराने पाच वर्षांत एक पोस्टकार्ड टाकलेलं नाही."

"तुझ्या काय इच्छा असतील त्या आम्ही तेव्हा बघू ना."

"तेव्हा म्हणजे कधी रे? दहाव्याला कावळा शिवेना झाल्यावर?" सासूबाईंनी त्यांच्या पानात आमटी वाढली. "मग बसाल हात जोडून, एकेक इच्छा आठवत. आई, तुझ्या लोणच्याची बरणी सांभाळू, शिव रे. आई, गाय घेऊ, शिव रे. त्यापेक्षा मी आत्ताच सांगते, तोंड आहे तोवर."

तुमचे आजोबा खाली बघून भात कालवत राहिले. आईच्या बाजूचे होते, पण भावासमोर त्यांचा आवाज फुटत नसे.

मग मी लिहायला बसले. माझ्या वडिलांकडे इंग्रजीतलं एक जाड कायद्याचं पुस्तक होतं. ते आणून मी त्यातला नमुना काढला आणि तो सोप्या मराठीत केला. सीमा, दिशा, खोल्यांची मापं, सगळं. तीनदा स्वच्छ लिहून काढलं. शेवटी 'साक्षीदार' लिहून खाली दोन रेघा मारल्या. तो कागद पाहून मला जो अभिमान वाटला होता तो आज आठवला तरी कान गरम होतात. साक्षीदारांबद्दलचं पान मी वाचलं होतं, पण नमुन्यात रेघा होत्या त्या भरल्या की झालं, अशीच माझी समजूत होती.

साक्षीदार म्हणून शाळेचे हेडमास्तर आणि सासऱ्यांचे एक जुने स्नेही यांना श्रावणातल्या एका रविवारी सकाळी नऊला बोलावलं. सासूबाई सकाळी आंघोळ केली की सोवळ्यात असत आणि नैवेद्य होईपर्यंत कोणाला शिवत नसत. कागद, दौत, टाक यांना तर नाहीच. म्हणून मी त्यांची सही सहा वाजता, आंघोळीच्या आधीच घेऊन ठेवली. सही करायला त्यांना वन्संनी शिकवलं होतं. आयुष्यात उशिरा शिकलेली ती सही त्या फार मन लावून करत.

नऊ वाजता दोघं आले. मी ओट्यावर सतरंजी घातली, पोहे दिले, चहा दिला आणि कागद पुढे केला.

"वहिनींना बाहेर बोलवायचं का?" स्नेह्यांनी विचारलं.

"त्या सोवळ्यात आहेत," मी म्हणाले.

"मग राहू दे, राहू दे," हेडमास्तर घाईने म्हणाले. "उगाच त्यांना पुन्हा आंघोळ. सही त्यांचीच आहे, घरातली माणसं का खोटं बोलणार आहेत?"

दोघांनी सह्या केल्या. सगळं दहा मिनिटांत उरकलं. आत भजी तळल्याचा वास येत होता. मी कागद घडी घालून कपाटात ठेवला आणि मनात म्हटलं, शिकलेली सून असली की कामं अशी होतात.

दिवाळीनंतर आठवड्याभरात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पहिले दहा-बारा दिवस बोलणंही समजत नव्हतं. मग हळूहळू शब्द परत आले, जड आणि थांबून थांबून. हात मात्र आला नाही.

भाऊजी रोज येऊ लागले. मनापासून सेवा करत. पण एकदा ओट्यावर ते तुमच्या आजोबांना म्हणाले, "आईचं आता काही खरं नाही. पुढे या जागेचं काय करायचं ते आपण दोघांनी बसून ठरवू." मी दारातच होते. मी म्हणाले, "भाऊजी, त्यांनी लिहून ठेवलंय." ते म्हणाले, "हे बघ, बायकांनी स्वयंपाकघरात लिहिलेले कागद कोर्टात टिकत नसतात."

मला राग आला. त्यांची खोड मोडावी म्हणून दुसऱ्याच दिवशी मी तो कागद घेऊन अंधेरीला गेले. तिथे माझ्या वडिलांचे एक वकील मित्र होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, माझ्या भाषेचं कौतुक केलं आणि मग चष्मा काढून विचारलं, "साक्षीदार कुठे बसले होते?"

"ओट्यावर."

"आणि सासूबाई?"

"आत. सोवळ्यात होत्या. त्यांनी सकाळी सहालाच सही केली होती."

वकीलसाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "पोरी, साक्षीदार कशाचा साक्षीदार असतो? सही होताना ज्याने पाहिली त्याचा. निदान सही करणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने त्याला सांगायला तरी हवं. त्या नुसत्या दारात येऊन 'ही सही माझी' एवढं म्हणाल्या असत्या, तरी चाललं असतं. उद्या या दोघांना कोणी शपथेवर विचारलं, तर ते काय सांगतील? आम्ही पोहे खाल्ले."

मी विचारलं, नव्या कायद्याने लेकीलाही वाटा आहे ना? ते म्हणाले, "आहे, मुलांच्या बरोबरीने आहे. पण राहत्या घराची वाटणी ती मागू शकत नाही, भाऊ करतील तेव्हाच. तोवर तिला राहता येईल. पण भावांनी घर विकायचं ठरवलं, तर तिच्या हातात पैसे येतील, खोल्या नाहीत. सासूबाई शुद्धीत आहेत ना? मग नवा कागद कर. सही जमत नसेल तर अंगठा चालतो."

घरी परत येताना सगळा वेळ एकच गोष्ट डोक्यात होती, की हे त्यांना सांगायचं कसं. वन्संना आधी सांगायचा धीर झाला नाही. त्या यंत्रावर बसल्या होत्या, पाठमोऱ्या. मी सरळ सासूबाईंच्या खाटेपाशी गेले आणि सगळं सांगितलं. माझी चूक झाली, असं स्पष्ट म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "मग पुन्हा करू."

"वकील म्हणाले, अंगठा चालेल."

"अंगठा नको." त्यांनी मान हलवली. "माझ्या माहेरी एका काकांचा अंगठा उठवला होता. काका जाऊन तासभर झाला होता. मी लहान होते, दाराआडून पाहिलं. मेलेल्याचा अंगठाही उठतो गं. सही जिवंत माणसालाच करावी लागते." एवढं बोलून त्यांना दम लागला. मग म्हणाल्या, "पाटी आण."

मी शेजारच्या मुलीची पाटी-पेन्सिल मागून आणली. वन्सं खाटेवर त्यांच्या डाव्या बाजूला बसत आणि पाटी धरत. पहिल्या दिवशी नुसत्या रेघा आल्या. दुसऱ्या दिवशी पेन्सिल मोडली आणि सासूबाईंनी पाटी ढकलून दिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती स्वतःच मागितली. पंधरा दिवस रोज दुपारी हे चालू होतं. वन्संना वाटत होतं की आईच्या हाताला व्यायाम म्हणून हे चाललंय. पंधराव्या दिवशी सासूबाईंनीच त्यांना खरं कारण सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "आई, कशाला एवढा आटापिटा? मी काय, कुठेही राहीन."

"कुठेही म्हणजे कुठे? पत्ता सांग," सासूबाई म्हणाल्या. "नाही ना सांगता येत? मग धर पाटी."

या वेळी साक्षीदार त्यांनीच निवडले. एक आमचे डॉक्टर. ते त्यांच्या शुद्धीचीही खात्री देऊ शकत होते. दुसरं नाव ऐकून मी चकित झाले. गावठाणातली एक ख्रिस्ती बाई आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तिच्या वाडीतली भाजी घेऊन यायची. सासूबाईंपेक्षा थोडी लहान, आवाज मोठा, आणि ती ओट्यावर, सासूबाई दाराच्या आत, अशा दोघींच्या गप्पा तास-तास चालत. सासूबाई तिच्याकडून भाजी वरून टाकून घेत, कारण सोवळं. पण मैत्रीण म्हणाल तर तीच एक.

"ती?" मी विचारलं.

"हेडमास्तर माझा मान राखायला गेले आणि सगळं बुडवलं. ही कोणाचा मान राखत नाही. जे पाहील ते सांगेल."

तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मना ते कायद्याचं काय कलत नाय, पण डोले हाईत. आनि सही येते मना, शालेत गेलेली हाय मी."

मृत्युपत्र मी पुन्हा लिहिलं. या वेळी वकीलसाहेबांनी ते तपासलं. शेवटी एक वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं: दोन्ही साक्षीदारांनी सही करणारीला सही करताना पाहिलं आणि तिच्यासमोर आपल्या सह्या केल्या.

दिवसही सासूबाईंनीच रविवार ठरवला, भाऊजी घरी असतील असा. सकाळी दहाला तुमच्या आजोबांनी आणि वन्संनी त्यांना खुर्चीसकट उचलून ओट्यावर आणलं. त्या दिवशी त्यांनी सोवळं नेसलं नाही. "आज देव थांबेल," एवढंच म्हणाल्या. रस्त्यावरून जाणारी माणसं बघत होती. चार वर्षांत त्या अशा भर उन्हात, सगळ्यांच्या नजरेसमोर बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

भाऊजी उठून उभे राहिले. "डॉक्टर, हे बरोबर नाही. तिची अवस्था बघा. तिला काय कळतंय, कोणी तिच्याकडून काय करून घेतंय..."

डॉक्टर म्हणाले, "तेच बघतो." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आई, आज वार कोणता?"

"रविवार. उद्या संकष्टी. तुम्हाला ठाऊक नसणारच, तुम्ही कधी उपास केलायत?"

"मुलं किती तुम्हाला?"

"तीन. दोघांना घर आहे, तिसरीला द्यायचंय. म्हणून तर तुम्हाला बोलावलंय."

भाजीवाली मोठ्याने हसली. "आनि हिला कलत नाय म्हनतो ह्यो!"

भाऊजी ओट्याच्या पायऱ्या उतरून अंगणात विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. तुमचे आजोबा त्यांच्या मागे निघाले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू थांब. एकदा तरी थांब." ते थांबले.

मी कागद वाचून दाखवला, सावकाश, एकेक वाक्य. सासूबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. मी 'विहिरीच्या पाण्याचा वापर' लिहायचं विसरले होते. ते ओळींच्या मध्ये घातलं आणि तिथेही त्या, आणि मग साक्षीदार, आद्याक्षर करतील असं ठरलं. मग मी टाक त्यांच्या डाव्या हातात दिला. वन्संनी सवयीने कागद धरायला हात पुढे केला, तर डॉक्टरांनी त्यांना खुणेनेच मागे सारलं. ज्याला मिळायचंय त्याचा हात कागदावर नको. मी कागदावर पाटी ठेवून खालची सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली, म्हणजे तो हलणार नाही.

पहिलं अक्षर फार मोठं आलं, शेवटची दोन दाटीवाटीने. मधे एक थेंब शाईचा पडला. त्या थांबल्या, श्वास घेतला, पुन्हा लिहू लागल्या. पूर्ण सहीला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही, पण चहा पार गार झाला होता. शेवटी त्यांनी टाक माझ्याकडे दिला आणि दोघा साक्षीदारांकडे पाहून म्हणाल्या, "ही सही माझी." आता ते म्हणायची गरज नव्हती, सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी म्हणाल्या.

डॉक्टरांनी सही केली. भाजीवालीने हात पदराला पुसले आणि आपलं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, गोलसर अक्षरात लिहिलं. ओळींमधल्या शब्दांपाशी तिघांनी आद्याक्षरंही केली.

तेव्हा सासूबाईंनी आणखी एक गोष्ट काढली. "आता दुसरा कागद घे. लिही: मला पुन्हा झटका आला आणि मी कोणाला ओळखेनाशी झाले, तर इस्पितळात नेऊ नये. तोंडात नळ्या घालू नयेत. मागच्या खोलीत, लेकीजवळ ठेवावं."

डॉक्टर म्हणाले, "आई, याला कायद्यात जागा नाही."

"कायद्यात नसेल. तुमच्याकडे आहे का?"

डॉक्टरांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि आपल्या बॅगेत ठेवला.

पुढे दोन वर्षांनी तसंच झालं. भाऊजी गाडी आणायला निघाले होते, तर डॉक्टरांनी बॅगेतून तो कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि ते खाली बसले. सासूबाई नऊ दिवस मागच्या खोलीत होत्या. वन्सं उशाशी होत्या, भाऊजी पायथ्याशी.

तेराव्यानंतर एका नातेवाइकाने भाऊजींना सुचवलं की मृत्युपत्राला आव्हान देता येईल, आजारी बाईची डाव्या हाताची सही कोण मानेल? भाऊजी म्हणाले, "मी तेव्हा विहिरीपाशी उभा होतो. तिकडे पाठ करून उभा राहायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. तिने सही केलेली मी पाहिलीय." त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही.

वन्सं त्या दोन खोल्यांत एकतीस वर्षं राहिल्या. सासरी कधी गेल्या नाहीत. त्यांच्या हाताखाली शिवण शिकलेल्या मुली अजून मला बाजारात ओळखतात.

आता त्या जागी सात मजली इमारत आहे. विहीर बुजवली, त्यावर गाड्या उभ्या राहतात. भाऊजी नाहीत, तुमचे आजोबा नाहीत, वन्सं नाहीत, डॉक्टर आणि भाजीवाली तर कधीच गेले. वन्संच्या दोन खोल्यांच्या बदल्यात मिळालेली दुसऱ्या मजल्यावरची जागा आहे, आणि वन्संनीही मृत्युपत्र करून ती तुमच्या आत्याला दिली, म्हणून तुमची आत्या तिथे राहते. मृत्युपत्राचा मूळ कागद माझ्या कपाटात आहे. शाई विटली आहे, घडीवर तो फाटू लागला आहे, पण सही पूर्ण वाचता येते.